शिंद्यांच्या चाकरीचा परवाना

परदेशात नोकरीस जाणाऱ्या माणसाला आज दोन सरकारांच्या दारांशी उभे राहावे लागते. त्याचे स्वतःचे सरकार पारपत्र देते, म्हणजे बाहेर पडण्याची मोकळीक देते. ज्या देशात काम करावयाचे तेथील सरकार व्हिसा देते, म्हणजे आत येऊन पोट भरण्याची मुभा देते. या दोन कागदांच्या मध्ये नोकरी देणाऱ्याचे पत्र, शिक्षणाची प्रमाणपत्रे, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, पैशाची हमी अशी आणखी कागदांची रांग लागते. ही सारी यातायात विसाव्या शतकाने निर्माण केली, असा सर्वसाधारण समज आहे. छापील पुस्तिका, छायाचित्र आणि शिक्के यांच्यापुरता तो खराही आहे. हिंदुस्थानात पारपत्राचा कायदा झाला तो १९२० साली. परंतु परमुलखात चाकरी धरणाऱ्याने कोणाची परवानगी घ्यावी आणि ती देण्याचा अथवा नाकारण्याचा अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न त्याहून पुष्कळच जुना आहे. एका मराठी दरबारापुरता त्याचा निकाल कसा लागला, हे ग्वाल्हेरच्या इतिहासात १७८३ ते १८०३ या अवघ्या वीस वर्षांत स्पष्ट दिसते.

१७८३ साली ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांच्या हाती नव्हता. तीन वर्षांपूर्वी, १७८० च्या ऑगस्टात, कॅप्टन पॉपहॅमने रात्री कड्याला शिड्या लावून तो घेतला होता आणि पुढे इंग्रजांनी तो गोहदच्या राण्याच्या हवाली केला होता. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरपासून जवळच असलेल्या सालबाई येथे इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला, आणि त्यानंतर महादजी शिंदे आपला किल्ला परत मिळविण्यासाठी त्याला वेढा देऊन बसले. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची छावणी. त्या छावणीत कंपनी सरकारचा वकील अँडरसन. पलीकडे गोहदला राणा छत्रसिंह आणि त्याच्या पदरी कवायती पलटण तयार करणारा सँगस्टर नावाचा स्कॉच मनुष्य. अशा या परिसरात त्या वर्षी नोकरीच्या शोधात एक बत्तीस वर्षांचा परदेशी येऊन पोहोचला. त्याचे नाव बेन्वा डी बॉइन.

त्याची हकिगत सांगण्यापूर्वी त्या काळी चाकरीला आणि प्रवासाला कोणते कागद लागत, हे पाहिले पाहिजे. मराठी राज्यात वाटेने जाणाऱ्या मालाला आणि माणसांना राहदारीचे दस्तक मिळे. ते दाखविले म्हणजे चौकीवर आणि घाटावर जकातदार किंवा पहारेकरी अडवीत नसे. शत्रूच्या वा संशयिताच्या मुलखातून येणाऱ्याला अभयाचा कौल लागे. परंतु ही दोन्ही पत्रे वाटेची होत, चाकरीची नव्हेत. चाकरीसाठी लागे ती ओळख आणि जामीन. देशावरचा शिलेदार आपले घोडे घेऊन उत्तरेत शिंद्यांच्या लष्करात दाखल होई, किंवा कोकणातला कारकून एखाद्या नातेवाइकाच्या बोटाला धरून फडात शिरे, तेव्हा त्याने कोणत्या राज्याची सीमा ओलांडली हे कोणी विचारीत नसे. विचारीत ते, कोणाचा कोण आणि हमी कोण घेतो, एवढेच. मोगलांच्या लष्करात घोडा डागण्याची आणि स्वाराचा चेहरा लिहून ठेवण्याची चाल होती. रंग, उंची, कपाळावरचा व्रण, गालावरचा तीळ अशी खूणगाठ दप्तरात राही. आजच्या पारपत्रावरील छायाचित्राचे काम तो लेखी चेहरा करी. पण त्याचा हेतू परका ओळखणे हा नसून एकाच्या जागी दुसऱ्याने पगार उचलू नये, हा होता.

इंग्रजांची रीत याहून वेगळी होती. ईस्ट इंडिया कंपनीला पूर्वेकडील व्यापाराचा मक्ता होता, आणि मक्त्याचे रक्षण करावयाचे तर माणसांवरही पहारा ठेवावा लागे. कंपनीच्या नोकरीबाहेरच्या कोणाही इंग्रजास तिच्या परवान्यावाचून हिंदुस्थानात राहण्याची मुभा नव्हती. विनापरवाना सापडलेल्यास पुढच्या जहाजात घालून विलायतेस रवाना करण्याचा अधिकार तिने कायद्याने मिळविला होता. १८१३ च्या सनदेने या नियमाची धार थोडी बोथट केली आणि १८३३ च्या सनदेने तो बहुतांशी गेला. तेव्हा या कथेच्या काळात मराठी दरबार माणसाची हमी विचारीत होता आणि कंपनी माणसाचा कागद विचारीत होती. या दोन रीतींची गाठ ग्वाल्हेरच्या छावणीत पडली.

डी बॉइन हा इंग्रज नव्हे आणि फ्रेंचही नव्हे. आल्प्स पर्वताच्या कुशीतील शांबेरी या गावी ८ मार्च १७५१ रोजी त्याचा जन्म झाला. हा सॅव्हॉय प्रांत त्या वेळी सार्डिनियाच्या राजाचा होता. फ्रान्सच्या फौजेतील आयरिश पलटणीत त्याने उमेदवारी केली, मग रशियाच्या राणीच्या फौजेत गेला, तुर्कांच्या हाती सापडून कैदेत पडला आणि सुटल्यावर हिंदुस्थानचा ध्यास घेऊन निघाला. वाटेत लॉर्ड पर्सी या इंग्रज उमरावाची गाठ पडली. त्याने वॉरन हेस्टिंग्जच्या नावे एक पत्र लिहून दिले. अलेप्पोहून खुष्कीने निघण्याचा बेत फसला, तेव्हा इजिप्तच्या वाटेने तो १७७८ साली मद्रासेस उतरला आणि कंपनीच्या मद्रास फौजेत एका देशी पलटणीवर कनिष्ठ अंमलदार झाला. तेथे बढतीची आशा दिसेना, म्हणून १७८२ साली राजीनामा देऊन तो कलकत्त्यास गेला. खिशात लॉर्ड पर्सीचे पत्र होतेच. हेस्टिंग्जने त्याला लखनौच्या नबाबाला आणि तेथील इंग्रज रेसिडेंटाला अशी पत्रे दिली. लखनौस त्याचा सत्कार झाला, खिलत मिळाली, आणि काही महिने तेथे राहून त्याने देशी भाषेचा अभ्यास केला.

येथपर्यंतचा त्याचा प्रवास एका पत्राने दुसरे पत्र मिळवीत झाला आहे. उमरावाच्या पत्राने गव्हर्नर जनरलचे पत्र, त्याच्या पत्राने नबाबाची खिलत. आज परदेशी नोकरीसाठी अर्ज करणारा माणूस एका दाखल्यासाठी दुसरा दाखला गोळा करतो, त्याहून हे फारसे निराळे नाही. एक फरक मात्र मोठा आहे. डी बॉइनच्या कागदांची नक्कल कोठल्याही दप्तरात नव्हती. मूळ पत्र गेले की माणसाची पतही गेली.

आणि नेमके तेच झाले. १७८३ च्या ऑगस्टात तो दिल्लीस पोहोचला. पण तेथील वजीर मिर्झा शफी याने त्याला भेट नाकारली, आणि पुढे थोड्याच दिवसांत त्या मिर्झा शफीचाच खून झाला. दिल्लीत काम नाही असे पाहून अँडरसनच्या निमंत्रणावरून तो ग्वाल्हेरच्या छावणीकडे वळला. वाटेत त्याचे सामान लुटले गेले. ही लूट साध्या चोरांची नसून महादजींच्याच इशाऱ्याने झाली, असे त्याच्या चरित्रकारांचे म्हणणे आहे. हा मनुष्य कोणाचा, कोणाकडून आला आणि पिशवीत काय घेऊन आला, हे पाटीलबावांना जाणून घ्यावयाचे होते. अँडरसनने तक्रार केल्यावर सामान परत आले. पत्रे मात्र परत आली नाहीत, असे तेच चरित्रकार सांगतात. महादजींच्या दृष्टीने ही युक्ती मोठी अर्थपूर्ण म्हणावी लागेल. सामानापेक्षा कागद महत्त्वाचा, हे त्या चतुर पुरुषाने ओळखले होते. कागदाविना आलेला परदेशी काय करतो, हेही त्यांना पाहावयाचे असेल.

त्याने जे केले ते धाडसाचे होते, आणि थोडे उतावळेपणाचेही. आपल्याला लुटणाऱ्याचाच वेढा उठवावा, असा बेत त्याने रचला. सँगस्टरच्या मध्यस्थीने त्याने गोहदच्या राण्याला कळविले की, आगाऊ रक्कम मिळेल तर दिल्ली, जयपूर, गोहद अशा निरनिराळ्या ठिकाणी तुकड्या उभारून मी शिंद्यांच्या छावणीवर अचानक पडतो आणि ग्वाल्हेर सोडवितो. राण्याला परक्यावर एवढ्या पैशाचा विश्वास टाकवेना. त्याने नकार दिला. वर शिंद्यांना धाक बसावा म्हणून तो बेत त्यांच्या कानी जाईल अशी व्यवस्था केली. महादजी रागावले. पण ज्या बेताने आपणांस धोका होता तो बेत किती हिशेबी होता, हे त्यांनी मनाशी नोंदवून ठेवले असले पाहिजे. पुढच्या वर्षीच्या घटना तेच सांगतात.

मग डी बॉइनने जयपूरच्या राजाशी बोलणे लावले. ते जमत आले आणि तेथे एक नवेच विघ्न उभे राहिले. आपण कोणाच्या चाकरीत जात आहो हे त्याने हेस्टिंग्जला कळविले. कलकत्त्याच्या सरकारला ते रुचले नाही, आणि ताबडतोब परत या असा हुकूम आला. हा हुकूम कोणत्या अधिकाराने आला, असे विचारण्यास जागा होती. डी बॉइन इंग्रजांचा प्रजाजन नव्हता. त्याने कंपनीची नोकरी रीतसर सोडली होती. जयपूरचे राज्य कंपनीच्या हद्दीत नव्हते. त्याच्यावर कंपनीचे काही चालत असेल तर ते एवढ्यामुळेच की, तो हेस्टिंग्जचे पत्र घेऊन निघाला होता. ज्या कागदाने दारे उघडली त्याच कागदाचा दोर आता मागे ओढीत होता. एखाद्या हूड माणसाने तो तोडून टाकला असता. डी बॉइन निमूटपणे परत फिरला. १७८४ साली हेस्टिंग्ज लखनौस आला होता. तेथे त्याची भेट घेऊन त्याने आपली बाजू मांडली. हेस्टिंग्जला ही आज्ञाधारकता इतकी आवडली की त्याने खुशीने परवानगी दिली. जयपूरकरांची गरज तोपर्यंत संपली होती, आणि त्यांनी काही रक्कम देऊन त्याची बोळवण केली. म्हणजे परवाना मिळाला तेव्हा नोकरी गेली होती. परदेशी चाकरीच्या इतिहासात असा योग पुष्कळांच्या वाट्याला आला आहे.

या सुमारास ग्वाल्हेर आणि गोहद दोन्ही शिंद्यांच्या हाती आली होती आणि महादजींना कवायती पायदळ हवे होते. वडगाव आणि गुजरात या मोहिमांत त्यांनी इंग्रजी पलटणींची शिस्त जवळून पाहिली होती. त्यांनी अँडरसनमार्फतच डी बॉइनला विचारले. करार झाला तो असा : साडेआठशे माणसांची एक, अशा दोन पलटणी उभाराव्यात, सरदाराला स्वतःला दरमहा एक हजार रुपये, आणि शिपायामागे आठ रुपये. शिपायाच्या हाती त्यांतले साडेपाच पडत. उरलेल्या अडीच रुपयांचे दोन पलटणींवर महिन्याला सव्वाचार हजार होत. त्यातून अंमलदारांचे पगार आणि इतर खर्च भागवावयाचा. गोहदचा सँगस्टरही याच चाकरीत आला, आणि आग्र्याला तोफा ओतण्याचे काम त्याच्याकडे गेले. डी बॉइनने आपल्याकडून एकच अट घातली. इंग्रजांविरुद्ध आपण कधीही शस्त्र धरणार नाही, अशी ती अट होती. महादजींनी ती मान्य केली.

या अटीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. त्या दिवशी ती कोणालाच जड वाटली नाही. सालबाईच्या तहाने इंग्रजांशी सख्य झाले होते, लढाया राजपुतांशी आणि मोगल सरदारांशी होणार होत्या, आणि झाल्याही तशाच. १७९० च्या जूनमध्ये पाटणला आणि सप्टेंबरात मेडत्याला डी बॉइनच्या कंपूंनी शिंद्यांना जे यश दिले, त्याने उत्तर हिंदुस्थानात महादजींचा शब्द शेवटचा ठरला. दोन पलटणींचे पुढे तीन कंपू झाले. अलीगढजवळ कोइलला त्यांचे ठाणे आले आणि दुआबातील मोठा मुलूख त्यांच्या खर्चाला जायदाद म्हणून लावून दिला गेला. महादजींसारखा धनी जिवंत होता तोवर ही अट तळाशी निजलेल्या दगडाप्रमाणे पडून राहिली. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. पुढच्या वर्षाअखेर प्रकृतीच्या कारणाने डी बॉइनने रजा घेतली. इंग्रजांशी लढाईचा प्रसंग आणू नये, त्यापेक्षा पलटणी मोडून टाकाव्यात, असा सल्ला त्याने तरुण दौलतरावांना दिला, आणि १७९६ साली तो कलकत्त्याहून जहाजात चढला. शांबेरीला जाऊन तो १८३० पर्यंत जगला. त्याच्या स्मरणार्थ त्या गावात १८३८ साली उभारलेले चार हत्तींचे कारंजे आजही आहे.

त्याच्या जागी आलेल्या पेराँजवळ कागद कसलाच नव्हता. तो फ्रेंच आरमाराबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्याला आला, जहाज सोडून पळाला आणि मजल दरमजल करीत गोहदच्या राण्याकडे, त्याच सँगस्टरच्या पलटणीत, शिरला. तेथून भरतपूर आणि तेथून डी बॉइनचा कंपू. पळून आलेल्या खलाशाला उत्तर हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या कवायती फौजेचा मुख्य होता आले, हे मराठी दरबाराच्या मोकळ्या दाराचे उदाहरण आहे. ते दाराच्या भल्याचे होते की बुऱ्याचे, याविषयी मतभेद होऊ शकतो. मिळालेल्या अधिकाराचा उपयोग पेराँने स्वतःची संपत्ती वाढविण्याकडे फार केला, एवढे मात्र खरे.

परंतु या चाकरीत असाही एक वर्ग होता की ज्याला दुसरे दारच नव्हते. इंग्रज बापाच्या आणि हिंदी आईच्या पोटी जन्मलेले तरुण तोपर्यंत कंपनीच्या नोकरीत घेतले जात. १७९१ साली कंपनीच्या संचालकांनी ठरविले की, हिंदी स्त्रीच्या मुलास मुलकी, लष्करी वा आरमारी अधिकाराची जागा द्यावयाची नाही. १७९५ साली आणखी एक हुकूम निघाला : आई आणि बाप दोघेही युरोपीय नसतील त्याला फौजेत अंमलदारी नाही, मर्जी असेल तर त्याने बासरी वाजवावी, ढोल बडवावा, वाद्यवृंदात बसावे किंवा घोड्यांची नालबंदी करावी. बापाच्या घराचा दरवाजा अशा रीतीने बंद झाला. आईकडच्या जगात त्यांना स्थान होते कोठे? ते होते शिंद्यांच्या कंपूत.

जेम्स स्किनर हा त्यांपैकी एक. जन्म १७७८ चा, बाप स्कॉच, कंपनीच्या फौजेतील अंमलदार, आई रजपूत. मुलींना शिक्षणासाठी पडद्याबाहेर पाठविण्याचे ठरले, तेव्हा घराण्याची अब्रू गेली असे मानून त्या माउलीने आत्मघात करून घेतला. मुलगा कलकत्त्याच्या एका छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवला गेला. तेथून तो पळाला. काही दिवस त्याने बाजारात ओझी वाहिली. पुढे त्याला शोधून काढून वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करावयास बसविले. त्याला हवे होते शिपाईपण, आणि ते कंपनीकडे मिळणे शक्य नव्हते. अखेर त्याच्या धर्मपित्याने, कर्नल बर्नने, प्रवासाला तीनशे रुपये आणि डी बॉइनच्या नावे एक पत्र दिले. त्या पत्रावर कोइलला त्याला जागा मिळाली. पगार दरमहा दीडशे रुपये. पाळी आली की जखमा खाव्यात, पगार तुंबला की शिपायांना समजवावे, पावसाळ्यात मथुरेला आणि हिवाळ्यात मोहिमेवर असावे, अशा रीतीने सात-आठ वर्षे त्याने शिंद्यांची चाकरी केली. आपला धनी म्हणून तो शिंद्यांचेच नाव घेई.

१८०३ साली इंग्रजांचे आणि दौलतरावांचे युद्ध जुंपले. महादजींच्या वेळची ती निजलेली अट या वेळी जागी झाली. २९ ऑगस्ट रोजी गव्हर्नर जनरल वेलस्ली याने जाहीरनामा काढला : शिंद्यांच्या वा त्यांच्या मित्रांच्या चाकरीत असलेल्या इंग्रज प्रजाजनांनी, मग ते युरोपात जन्मलेले असोत की हिंदुस्थानात, ती चाकरी सोडावी, त्यांच्या उपजीविकेची सोय कंपनी करील. कंपनीने पूर्वी कधी ज्यांना विचारले नव्हते, किंबहुना ज्यांना जन्मावरून नोकरी नाकारली होती, त्यांच्यावरही आता तिचा हक्क निघाला. नोकरी द्यावयाच्या वेळी ते हिंदी होते. नोकरी सोडावयाच्या वेळी ते इंग्रज ठरले.

शिंद्यांच्या बाजूनेही त्यांना ठेवून घेण्यास कोणी राजी नव्हते. कंपूतील काही इंग्रज अंमलदारांनी आपल्या देशबांधवांविरुद्ध लढणार नाही असे सांगितल्याबरोबर पेराँने इंग्रज आणि मिश्र रक्ताचे सारेच अंमलदार एका हुकुमासरशी काढून टाकले. स्किनरला जावयाचे नव्हते. अलीगढहून पेराँ घाईने निघाला असता स्किनरने त्याला वाटेत गाठून विनविले की, मला चाकरीत राहू द्या, मी सोडून जाणार नाही. पेराँचा विश्वास बसला नाही. तुम्ही सारे एक ना एक दिवस जाणारच, अशा अर्थाचे बोलून तो पुढे गेला. ४ सप्टेंबर रोजी इंग्रजांनी अलीगढचा किल्ला सर केला. त्या वेळी दरवाजाची वाट दाखविणारा लुकन हा अंमलदार काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्याच पगारावर होता. तेव्हा पेराँचा अविश्वास सर्वस्वी निराधार होता असे म्हणता येणार नाही. परंतु माणूस न पाहता त्याचा जन्म पाहून दिलेला तो निकाल होता, आणि तशाच जन्माचा निकाल घेऊन स्किनर लहानपणी कलकत्त्याच्या बाजारात ओझी वाहत फिरला होता.

पेराँची स्वतःची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. दौलतरावांचा विश्वास उडाला आहे आणि आपल्या जागी दुसरा नेमला गेला आहे असे कळताच त्याने ७ सप्टेंबर रोजी शत्रूच्या सेनापतीस, जनरल लेक यास, पत्र लिहिले. आपण शिंद्यांची चाकरी सोडली असून कुटुंब, चीजवस्तू आणि बरोबरची माणसे यांसह कंपनीच्या मुलखातून लखनौस जाण्याचा परवाना मिळावा, अशी त्याची विनंती होती. लेकने तो मोठ्या आनंदाने दिला. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी कसल्याही कागदावाचून आलेला हा मनुष्य परवाना घेऊन बाहेर पडला, आणि त्या परवान्याची किंमत शिंद्यांनी मोजली.

स्किनर लेकच्या छावणीत गेला खरा. पण तेथे त्याने आपली अट सांगितली. जुन्या धन्याविरुद्ध, शिंद्यांविरुद्ध, मी लढणार नाही. डी बॉइनने शिंद्यांच्या चाकरीत शिरताना इंग्रजांविषयी जे सांगितले होते, तेच स्किनरने इंग्रजांच्या चाकरीत शिरताना शिंद्यांविषयी सांगितले. लेकनेही ते मान्य केले. ११ सप्टेंबरच्या दिल्लीच्या लढाईनंतर पेराँच्या जुन्या रिसाल्यातील स्वार इंग्रजांकडे आले आणि त्यांनी सरदार म्हणून त्यालाच मागून घेतले. त्याच्या पिवळ्या पोशाखाच्या रिसाल्याचे नाव भारतीय सैन्यात स्किनर्स हॉर्स म्हणून अजून चालू आहे. होळकरांकडील अंमलदारांचे नशीब इतके बरे नव्हते. १८०४ साली यशवंतराव होळकरांचे इंग्रजांशी युद्ध पेटले, तेव्हा देशबांधवांविरुद्ध लढण्यास नकार देणारा मेजर व्हिकर्स आणि त्याचे दोन सोबती यांची डोकी उडविण्यात आली.

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगावला दौलतरावांनी तहावर शिक्कामोर्तब केले. कोणकोणता मुलूख गेला हे सर्व इतिहासांत लिहिलेले असते : गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर. त्याच तहातील दुसऱ्या एका कलमाकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. त्या कलमाने शिंद्यांनी कबूल केले की, कोणाही फ्रेंच माणसास, अथवा इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय वा अमेरिकन राष्ट्राच्या प्रजाजनास, त्याचप्रमाणे कोणाही इंग्रज प्रजाजनास, मग तो युरोपीय असो की हिंदी, इंग्रज सरकारच्या संमतीवाचून आपण चाकरीस घेणार नाही वा ठेवणार नाही. नागपूरकर भोसल्यांनीही त्याच महिन्यात देवगावच्या तहात असेच कबूल केले. सालबाईच्या वेळी इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतलेले वचन केवळ परक्या राष्ट्रांच्या वखारींपुरते होते. नव्या वखारी होऊ द्यावयाच्या नाहीत, एवढेच. एकवीस वर्षांनी ते वखारींवरून माणसांवर आले. आणि ‘युरोपीय असो की हिंदी’ या शब्दांची व्याप्ती तर केवढी! बनारसचा कारकून, पाटण्याचा शिपाई, सुरतेचा कारागीर, जो कोणी कंपनीच्या मुलखातील रयत असेल तो, ग्वाल्हेरला चाकरीस ठेवावयाचा झाल्यास कंपनीची संमती हवी. कलमाचा अंमल दर खेपेस होवो वा न होवो, आपल्या पदरी कोणी असावे हे ठरविण्याचा शिंद्यांचा अधिकार त्या दिवशी कागदावर तरी संपला. महादजींनी १७८४ मध्ये अँडरसनमार्फत विचारले होते ते सोयीसाठी. दौलतरावांनी इंग्रजांना विचारावयाचे ते आता तहाने बांधले गेले म्हणून.

ग्वाल्हेरचा किल्ला १८०४ च्या फेब्रुवारीत पुन्हा एकदा इंग्रजांनी घेतला, आणि १८०५ च्या नोव्हेंबरातील नव्या तहाने तो शिंद्यांना परत मिळाला. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांची फिरती छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली. तीच आजची लष्कर वस्ती. त्या छावणीत जुन्या परदेशी चाकरांपैकी एक घराणे टिकून राहिले होते. मायकेल फिलोज हा नेपल्सचा मनुष्य डी बॉइनच्या वेळी शिंद्यांच्या कंपूत आला होता. त्याचा मुलगा जाँ बाप्तिस्त १८०३ नंतरही दौलतरावांच्या चाकरीत राहिला आणि चंदेरीपर्यंतच्या मोहिमा त्याने चालविल्या. नातवंडे-पणतवंडे ग्वाल्हेरचीच झाली. महाराज जयाजीरावांना १८७० नंतर नवा राजवाडा बांधावयाचा झाला, तेव्हा त्याचा आराखडा करण्यास विलायतेहून कोणी बोलवावे लागले नाही. त्याच घराण्यातील सर मायकेल फिलोज ग्वाल्हेरच्या चाकरीतच होते. १८७४ साली पुरा झालेला जयविलास राजवाडा त्यांनी रचला.